संगमरवरातला मोडका कान

मला लिहिता येतं, पण तिसरीपर्यंतच्या शाळेत जेवढं आलं तेवढंच. तरी हे मी स्वतः लिहितोय. नातसून म्हणाली, "तुमी सांगा आबा, मी मोबाइलवर टाइप करते." मी नको म्हणालो. दुसऱ्यानं लिहिलं की तो आपलं बोलणं घासून गुळगुळीत करतो, आणि घासण्यावरूनच तर हे सगळं भांडण झालं.

इस्लामपुरातून शिराळ्याकडं निघालं की डाव्या हाताला एक पत्र्याची शेड लागते, ती माझी. बाहेर अर्धवट नंदी, दोन-तीन तुळशीवृंदावनं आणि नावं कोरायच्या पाट्या उभ्या असतात. आमचा धंदा पाथरवटाचा. वडील पाटे-वरवंटे आणि जाती घडवायचे, गावोगाव फिरून जुन्या जात्यांना टाकी लावायचे, म्हणजे छिन्नीनं परत खरखरीत करायचे. घरोघरी मिक्सर आला आणि तो धंदा बसला. मी तरुणपणीच राजस्थानात मकराण्याला गेलो होतो. सहा वर्षं संगमरवरावर हात बसवला. काळ्या दगडावर काम केलेल्या माणसाला संगमरवर म्हणजे लोण्यासारखा वाटतो, पण तो लोण्यासारखाच दगाही देतो. एक ठोका जास्त पडला की नाक गेलं.

परत आल्यावर पहिलं मोठं काम मिळालं ते मेढ्याच्या वरच्या अंगाला एका गावात, शहीद जवानाच्या स्मारकाचं. पोरगा बावीस-तेवीसचा. फोटोवरून चेहरा कोरला. त्याच्या आईनं दगडाच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "हनवटीवरची खोक ऱ्हायली की रं. बैलानं मारलं हुतं त्याला ल्हानपणी." फोटोत खोक नव्हती, फोटोवाल्यानं पुसली होती. मी तिथंच बसून खोक कोरली. ती बाई मग लय वेळ दगडापाशी बसून राहिली. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं की माणसाचं जे मोडलंय ते आधी कोरायचं, धड आहे ते नंतर. नाकी-डोळी नीट तर सगळेच असतात.

त्यानंतर आमच्या दोन्ही जिल्ह्यांत कुठं जवानाचं स्मारक झालं की बोलावणं मला. मध्ये चेहरा आणि भोवती झेंडूच्या फुलांचा हार, अशी माझी पद्धत पडली. किती केले ते मोजले नाहीत, असली मोजणी चांगली नसते.

मागच्या गळीत हंगामाच्या आधीची गोष्ट. एक पांढरी गाडी शेडसमोर थांबली आणि आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या घराण्यातला नातू उतरला. कुठला कारखाना, कुठलं घराणं ते मी लिहीत नाही. इथल्या लोकांना सांगायला नको, आणि बाहेरच्यांना काय करायचंय. आजोबांनी कारखाना उभा केला, त्यांना सगळे थोरले साहेब म्हणायचे. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचा मुलगा आता चेअरमन आहे, ते साहेब. आणि हा नातू परदेशात शिकून आलेला, ते धाकटे साहेब. असा तीन पिढ्यांचा हिशेब.

"आबा, तुम्ही पोर्ट्रेट करता ना?" धाकट्या साहेबांनी विचारलं.

"चेहरे करतो," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला. पडद्यावर पांढऱ्याशुभ्र संगमरवराचे गोल होते. परातीएवढा एकेक गोल, आणि त्यात एकेका माणसाचा चेहरा, बाजूनं दिसणारा. एक डोळा, एक कान, एक नाकपुडी. कुणाला खांद्यापर्यंत कुरळे केस, कुणाच्या डोक्याला पानांचा वेढा. गोलाच्या कडेनंही पानांची माळ कोरलेली. सगळे एकाच दिशेला तोंड करून ओळीनं.

"हे फ्रान्सचे राजे," धाकटे साहेब म्हणाले. "मी तिथं शिकत होतो तेव्हा फोटो काढले. एका राजानं आपल्या आधीच्या सगळ्या राजांचे असे चेहरे करून घेतले. म्हणजे बघणाऱ्याला कळावं, हे राज्य आजचं नाही, बापापासून पोराला, पोरापासून नातवाला असं चालत आलंय."

मी मोबाइल हातात घेतला. बोटानं एकेक राजा मोठा करून बघितला. कोरणारा लय तयारीचा होता, त्यात वाद नाही. केसाची बट अशी सोडवली होती की वारा आला तर हलेल. गालाखालची सावली दगडात केवढी खोल गेली आहे ते बघून माझीच बोटं शिवशिवली. पण सात-आठ राजे बघून झाल्यावर मी हसलो.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"ह्या कोरणाऱ्यानं ह्या राजांना बघितलं न्हाई. सगळ्यांचं नाक एकच हाय."

"आजोबांपासून नातवापर्यंत नाक सारखं असतंच की."

"आवं, पण इतकं? माझ्या तीन पोरांची नाकं तीन तऱ्हेची हायत, आणि बायको एकच हाय माझी."

ते हसले. मी तोवर शेवटच्या गोलावर आलो होतो. त्या राजाची हनुवटी दुहेरी होती. डोळ्यावरची पापणी दमलेल्या माणसासारखी खाली आलेली, आणि ओठाच्या कोपऱ्यात एक मुरड होती, चांगल्या जेवणाची सवय असलेल्याची. मी म्हणालो, "ह्याला मात्र त्यानं समोर बसवून बघितलंय. बाकीचं सगळं ह्याच्या नाकावरनं केलंय."

धाकटे साहेब म्हणाले, "हाच तो राजा. ज्यानं करून घेतले तो."

मला त्यात नवल वाटलं नाही. पैसे देणाऱ्याचं नाक मागच्यांना लावायचं आणि सांगायचं, बघा, नाक वरून चालत आलंय. राजा असो नाहीतर कोण असो. आमच्या मारुतीच्या देवळापुढं चार वीरगळ उभे आहेत. लढून मेलेल्यांचे दगड, शेकडो वर्षांचे. त्यांवर नाव नाही, नाक तर घासून कधीच गेलं. तरी सणासुदीला त्यांना शेंदूर लागतो. राजांचं तसं नसतं बहुतेक. त्यांना चेहरा लागतो, मग तो कुणाचा का असेना.

असो. काम असं होतं. कारखान्याच्या नव्या ऑफिसच्या हॉलमध्ये काळ्या ग्रॅनाइटची भिंत उभी करायची आणि तिच्यावर असे तीन पांढरे गोल बसवायचे. पहिले थोरले साहेब, मग साहेब, मग धाकटे साहेब स्वतः.

"तुमी पण?" मी विचारलं.

"लाइन पूर्ण दिसली पाहिजे ना आबा."

"तुमच्या तोंडावर अजून कोरण्यासारखं काय उगवलंय? दाढी सोडली तर काय न्हाई."

ह्यावर दुसरा कुणी रागावला असता. ते रागावले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो. त्यांनी एका पाकिटातून तीन मोठे फोटो काढून माझ्या ओट्यावर ठेवले. थोरल्या साहेबांचा फोटो मी उचलला आणि माझं डोकं सटकलं. बाजूनं काढलेला जुना फोटो होता, कॉम्प्युटरवर साफसूफ केलेला. फेटा बरोबर, मिशी बरोबर. कान मात्र दुसऱ्याच कुणाचा होता. पातळ, सुबक, बँकेतल्या साहेबाला शोभेल असा.

"ह्यांचा कान कुठं गेला?" मी विचारलं.

"तो जरा दुरुस्त करून घेतलाय. बाजूनं चेहरा केला की कान अगदी मधोमध येतो आबा. बघणाऱ्याची नजर आधी तिथंच जाईल."

"जाऊ दे की."

"बरं दिसत नाही ते. बाहेरून बँकेची माणसं येतात, परदेशातली येतात. त्यांना काय सांगायचं?"

बाहेरच्यांसाठी सांगतो. थोरले साहेब आधी पैलवान होते. आमच्याकडं तालमीत डोक्याला डोकं लावून, मान घासून खेळतात. त्यात कान चेपतो, आत रक्त साकळतं आणि काही महिन्यांत कान आल्याच्या गड्ड्यासारखा घट्ट होऊन बसतो. मग तो जन्मभर तसाच. भोकसुद्धा धड दिसत नाही. थोरल्या साहेबांचे दोन्ही कान तसे होते. कुठल्याही गावात गेलं तर असा कान बघून लोक उठून जागा देतात, कारण तो कान विकत मिळत नाही.

कारखाना काढायचा म्हणून ते सायकलवरून शेअर गोळा करत फिरायचे तेव्हा मी पंधरा-सोळा वर्षांचा असेन. वडलांच्या खोपीत जात्यावर बसून पाणी प्यायचे. वडील चेष्टा करायचे, "पैलवान, त्यो कान काढून द्या, टाकी लावून नीट करून देतो."

"नको गड्या," ते म्हणायचे. "ह्यात कुणाचं काय शिरत न्हाई म्हणून तर डोकं थंड हाय माझं."

एकदा त्यांनीच सांगितलं होतं. इस्लामपुरात फोटो काढायला गेले तर फोटोवाला म्हणाला, फेटा जरा खाली ओढा, कान झाकेल. त्यांनी फेटा वर सारला. म्हणाले, "शेतकरी मला शेअरचं पैसं देतो त्यो माझं तोंड बघून न्हाई. कान बघून देतो. ह्यो गडी कुस्ती सोडून पळणारा न्हाई एवढं त्येला कळतं." माझ्या वडलांनी पहिल्याच झटक्याला एक शेअर घेतला होता. आमच्याकडं ऊस तर सोडा, उसाएवढी जमीनही नव्हती.

त्या माणसाला मी हा बँकेतला कान लावणार नव्हतो. पण धाकट्या साहेबांशी तिथं वाद घातला असता तर ते काम घेऊन जयपूरला गेले असते आणि तिथल्या कारागिरानं फोटोबरहुकूम कान करून दिला असता. त्याला काय ठाऊक. म्हणून मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. "दगड पाठवा," एवढंच म्हणालो. ही माझी लबाडी होती, ती मी कबूल करतो.

सहा महिने काम चाललं. माझा उजवा हात आता थरथरतो. छिन्नी धरली की डाव्या मुठीवर मनगट टेकवतो, मग थांबतो. तीन माणसांचं काम मी एकट्यानं केलं, कारण मदतीला घेतलेला माणूस घाई करतो. नाकं मी तीन केली. साहेबांचं त्यांच्या आईवर गेलेलं, धाकट्या साहेबांचं अजून कुणावरच धड न गेलेलं, आणि थोरल्यांचं मधल्या हाडावर जरा बसलेलं.

कडेनं ती परदेशी पानं कोरायची होती. ते झाड मी बघितलेलं नाही. न बघितलेल्या झाडाचं पान मी का कोरू? म्हणून मी माझ्या हाताला येत होती ती झेंडूची फुलं कोरली. एकेक पाकळी सोडवून, तिन्ही गोलांना, गच्च. मला ते लय शोभून दिसलं.

थोरल्यांचा कान मी सगळ्यांत शेवटी घेतला. दगडाचं एक आहे, काढता येतं, परत लावता येत नाही. सुजलेला कान म्हणजे दगडाचा एक गड्डा. त्या गड्ड्यातून कुणीही अर्ध्या दिवसात पातळ चांगला कान काढू शकतो. पण एकदा चांगला कान झाला की त्याचा परत मोडका कान देवालाही करता येणार नाही. म्हणून तो गड्डा मी अंगावर वागवल्यासारखा सांभाळला. धाकटे साहेब अधूनमधून यायचे. "कान राहिलाय का?" असं विचारायचे. "ऱ्हायलाय," मी म्हणायचो.

मग एक दिवस ते आजीला घेऊन आले. थोरल्या साहेबांच्या पत्नी, सगळे त्यांना आईसाहेब म्हणतात. नव्वदीच्या घरात असतील. गाडीतून उतरून काठी टेकत आत आल्या. मी तिन्ही गोल भिंतीला टेकवून, ओल्या फडक्यानं पुसून ठेवले होते. त्या पहिल्यापाशी गेल्या. मी खुर्ची दिली, त्या बसल्या आणि चष्मा कपाळावर ढकलून हातानंच बघायला लागल्या. मिशी, गाल, मग कान. कानावर हात थांबला.

"तेल घालायची मी ह्यात," त्या म्हणाल्या. "आत जायचंच न्हाई. मानंवरनं खाली वघळायचं सगळं. म्हणायचं, उशीला पाज तुझं तेल."

"आजी, तो अजून पूर्ण व्हायचाय," धाकटे साहेब म्हणाले.

"काय व्हायचं ऱ्हायलंय त्यात?"

मला वाटलं, झालं, जिंकलो. आईसाहेब उठल्या आणि दुसऱ्या गोलाकडं वळल्या. चष्मा खाली घेतला. आणि तिथंच उभ्या राहिल्या. काठीचं टोक फुलांवर टेकवलं.

"माझ्या पोराला हार कुणी घातला?" त्यांनी विचारलं.

मी बघितलं. साहेबांचा चेहरा, आणि भोवती झेंडूचा हार. शेजारी पंचवीस-सव्वीस वर्षांचे धाकटे साहेब, आणि भोवती झेंडूचा हार. सहा महिने मी रोज ते बघत होतो आणि मला ते दिसलं नव्हतं. मी आयुष्यात जेवढे चेहरे कोरले ते सगळे गेलेल्या माणसांचे. माझ्या हाताला जिवंत माणूस माहीतच नव्हता. तो आपला चेहरा झाला की हार घालत गेला.

"आईसाहेब, चुकलं माझं," मी म्हणालो.

"लय गेल्याली बघितल्यात मी. जित्या पोराला असं नको दाखवू रं बाबा." एवढं बोलून त्या गाडीकडं गेल्या. दार ड्रायव्हरनं उघडलं, मला तिथंवर जायचंही धाडस झालं नाही.

धाकटे साहेब मागं थांबले. आता त्यांची पाळी होती आणि ती त्यांनी सोडली नाही.

"जिवंत कोण, मेलेला कोण एवढं तुम्हाला कळलं नाही. आणि आम्हाला कान शिकवताय? दोन्ही हार काढा. आणि त्याच हातानं तो कानही फोटोप्रमाणं करा. आठ दिवस देतो. नाहीतर जयपूरचा माणूस येईल, तो इथंच बसून करेल."

"हार माझी चूक हाय. ती मी काढतो. कान चूक न्हाई."

"ते ठरवणारे तुम्ही कोण?"

काम त्यांचं, दगड त्यांचा, आजोबाही त्यांचेच. ते गेल्यावर मी नंदीच्या पाठीवर बसून राहिलो. बायको भाकरी घेऊन आली. तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "दोन्ही वाकडं केलंयसा, मग एक तरी सरळ करा. पोराचं ऐका."

"एक सरळ करतो. हार."

"आणि कान?"

"कान वाकडाच सरळ हाय."

"तुमच्या डोक्यात शिरायला भोकच न्हाई," ती म्हणाली, "तुमचं कान बाहेरनं बरं दिसत्यात एवढंच." आणि डबा तिथंच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड चांगला पडल्यावर मी थोरल्या साहेबांना ओट्यावर आडवं घेतलं. जयपूरचा माणूस ज्या दगडातून चांगला कान काढणार होता, तो दगड मी काढून टाकायचं ठरवलं. चांगल्या कानाला वरची कड लागते, डोक्यापासून बोटभर सुटलेली. मी ती कड खाली आणली, पार डोक्याला चिकटवली. गड्ड्याच्या मधली चीर आत नेली, भोक जवळपास बुजवलं, खालची पाळी जाड आणि आवळलेली केली. थरथरणाऱ्या हातानं असलं काम करायला दुपार झाली. मध्ये दोनदा बाहेर येऊन पाणी प्यायलो. कानस लावली, पॉलिश मात्र केलं नाही. बाकी चेहरा तुळतुळीत आणि कान तेवढा खरखरीत ठेवला.

मग हात धुतले आणि धाकट्या साहेबांना फोन केला. "कान झाला," मी सांगितलं. "जसा हुता तसा. आता त्यातनं दुसरा कान काढायला दगडच शिल्लक न्हाई. जयपूरचा येऊ दे न्हाईतर इंद्राच्या दरबारातला."

पलीकडून फोन बंद झाला.

मी हार काढायला बसलो. फुलं उडवत गेलो. सहा महिन्यांत ज्या पाकळ्या सोडवल्या होत्या त्या तीन दिवसांत खाली भुकटी होऊन पडल्या. दोन्ही गोलांची कड साधी, सपाट करून टाकली. ह्याचं मला वाईट वाटलं म्हटलं तर खोटं होईल. चुकीचं काम मोडताना हाताला एक वेगळीच ताकद येते.

चौथ्या दिवशी साहेब स्वतः आले. चेअरमन. बरोबर कुणी नाही. त्यांना मी सभेत लांबून बघितलेलं, शेडमध्ये पहिल्यांदाच. मी उठत होतो, त्यांनी हातानंच बसा म्हणून खुणावलं. ते वडलांच्या गोलापुढं उभे राहिले.

"जाणूनबुजून केलंत?"

"व्हय."

"मी काय म्हणेन ह्याचा विचार केला नाही?"

"केला की. म्हणून तर आधी कान उरकला आणि मग फोन केला."

ते हसतील असं वाटलं होतं, पण हसले नाहीत. त्यांनी एक बोट कानावर ठेवलं आणि त्या चिरेतून फिरवलं, खरखरीत भागावरून.

"मी पुण्याला बोर्डिंगात होतो," ते म्हणाले. "वडील भेटायला यायचे. पोरं त्यांच्या कानाकडं बघून हसायची. एकदा मी त्यांना म्हणालो, येताना फेटा खाली ओढत जा."

"मग? फोटोवाल्याचं तर त्यांनी ऐकलं नव्हतं."

"माझं ऐकलं. त्याच्यानंतर पुण्याला आले की फेटा पार भुवयांपर्यंत. उन्हाळ्यात घाम गळायचा, तरी वर नाही घेतला. मी शिकून बाहेर पडेपर्यंत." ते बोट अजून कानावरच होतं. "मी पण कधी म्हणालो नाही, आता घ्या वर."

माझ्याकडं फडकं होतं, ते मी उगीचच घडी घालून ठेवलं.

मग ते म्हणाले, "हा घेऊन जातो. माझा आणि पोराचा राहू द्या इथंच."

"हार काढलाय त्यांचा."

"दिसतंय मला. तरी राहू द्या. पुढं कधी लागलाच तर परत कोरता येईल हार?"

"न्हाई. तेवढा दगडच उरला न्हाई कडंला."

"मग बरंच झालं," ते म्हणाले, आणि आता मात्र हसले.

हॉलच्या उद्घाटनाला मला निमंत्रण आलं नाही. साहेबांच्या लक्षात राहिलं नसेल, धाकट्या साहेबांनी लक्षात ठेवून टाळलं असेल. मी निमंत्रणाची वाट बघणारा माणूस नव्हे. आदल्या दिवशी सकाळीच एसटीनं गेलो. काळ्या भिंतीवर थोरले साहेब एकटे होते. शेजारी दोन गोल जागा खोदलेल्या, रिकाम्या. आमच्याच भागातले दोन म्हातारे पैलवान आधीच येऊन उभे होते. त्यांचेही कान तसेच. एकजण दुसऱ्याला म्हणत होता, "डावा जास्त बसल्याला हुता का रं उजवा?"

पण मला दुसरंच खटकलं. छताच्या पट्टीवर बसवलेला दिवा समोरून सरळ तोंडावर पडत होता. समोरून उजेड आला की कोरीव काम मरतं. कान पार सपाट दिसत होता, पांढऱ्या कागदावरचा पांढरा डाग जसा. मी इलेक्ट्रिशियनला म्हणालो, दिवा डाव्या अंगाला घे. तो म्हणाला, साहेबांना विचारायला लागंल. शिडी तिथंच उभी होती. मी चप्पल काढली आणि चढलो.

अर्ध्यावर गेलो तेवढ्यात धाकटे साहेब आत आले.

"आबा, खाली उतरा. पडाल."

"पडलो तर तुमच्या भिंतीवर दोन जागा मोकळ्या हायत."

ते खाली उभे राहून वर बघत होते. मी दिवा धरून पट्टीवरून हळूहळू डावीकडं सरकवला. उजेड तिरका झाला तशी कानाच्या चिरेत सावली भरत गेली, मग पाळीखाली, मग त्या आवळलेल्या गाठीच्या कडेनं. खालचे दोन्ही पैलवान दोन पावलं पुढं आले. धाकटे साहेब चांगलं म्हणाले नाहीत आणि वाईटही म्हणाले नाहीत. पण दिवा परत पहिल्या जागी घ्या, असंही म्हणाले नाहीत.

मी इलेक्ट्रिशियनला वर बोलावलं. म्हणालो, आता असा स्क्रू आवळ की कुणाच्या हातानं हा हलता कामा नये. तो शेवटचा आटा बसेपर्यंत मी शिडीवरून खाली उतरलो नाही.